पोच मिळाली का?

‘पोच’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. माणसाला पोच असावी लागते आणि पत्राची पोच द्यावी लागते. पहिली नसली तर लोक नावे ठेवतात, दुसरी नसली तर काळजी करतात. मुलगा शिकायला मुंबईला निघाला, लेक सासरी निघाली, की एस.टी.च्या खिडकीशी उभी राहिलेली घरची मंडळी शेवटचे वाक्य ठरलेले बोलत : ‘पोचल्यावर पत्र टाक.’ मग चार दिवस पोस्टमनच्या सायकलची घंटा घरातल्या सगळ्यांना जरा जास्तच ऐकू येई. ज्यांचा कागद कोर्टकचेरीचा असे, ते रजिस्टर ए.डी. करत. घेणाऱ्याची सही घेऊन एक लहानसे कार्ड उलट टपाली परत येई आणि ते माणसे कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवत. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा अनेक वकिलांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले असेल.

माझा व्यवसाय या पोचेचाच आहे. गेली पंधरा वर्षे मी पुण्यात बसून मोबाइलवरून निरोप पोचवणारे सॉफ्टवेअर लिहितो. ‘म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारखं का?’ असे पाहुणे विचारतात आणि मी ‘हो’ म्हणतो, कारण खरे सांगत बसलो तर चहा गार होतो. आमची कंपनी लहान आहे. आमची गिऱ्हाइके म्हणजे दूध गोळा करणारे, मालवाहतूक करणारे, वीजवाहिन्या तपासणारे. थोडक्यात, ज्यांची माणसे रेंज नसलेल्या मुलखात हिंडतात असे लोक. रेंज असताना निरोप कोणीही पोचवील. नसताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे असून नसल्यासारखी असताना तो कसा पोचवायचा, यात आमची सगळी वर्षे गेली.

या कामाच्या मुळाशी एक कोडे आहे आणि ते वाचकांनी एकदा डोक्यात घोळवून पाहावे असे आहे. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय, एकट्याने केला तर नाश ठरलेला. पहिला सेनापती जासूद पाठवतो, ‘उद्या पहाटे.’ जासूद दरीतून जाताना पकडला जाऊ शकतो, म्हणून त्याला पोच हवी. दुसरा सेनापती पोच घेऊन आपला जासूद धाडतो. पण तोही पकडला जाऊ शकतो, म्हणून आता याला पोचेची पोच हवी. ती आली की तिची पोच. अशा कितीही खेपा घातल्या तरी शेवटची खेप ज्याने पाठवली त्याच्या मनात ‘ती पोचली का?’ हा किडा राहतोच. १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर या तिघांनी हे कोडे एका शोधनिबंधात मांडले. त्यांच्या मांडणीत सेनापती नव्हते, गुंडांच्या टोळ्या होत्या. १९७८ मध्ये जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने त्याला सेनापतींचे नाव दिले आणि टोळ्यांची बढती झाली. उत्तर मात्र तेच राहिले : दरी बेभरवशाची असेल तर दोघांची पक्की खात्री कधीच होत नाही. सॉफ्टवेअर चांगले नाही म्हणून नव्हे. गणितच तसे आहे.

मग आम्ही लोक पगार कसला घेतो? तर, खात्री नाही म्हणून काम अडत नाही, एवढी एक पळवाट माणसाने काढली आहे. पोच येईपर्यंत निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचे आणि प्रत्येक निरोपाला त्याचा स्वतःचा क्रमांक द्यायचा. समजा, तुम्ही ‘दोन लिटर दूध आण’ असे लिहिले. ते पलीकडे पोचले, पण त्याची पोच वाटेत हरवली. तुमचा फोन समजतो की निरोपच गेला नाही आणि तो पुन्हा पाठवतो. क्रमांक नसेल तर घरी चार लिटर दूध येते. क्रमांक असेल तर पलीकडचे यंत्र ओळखते की, हा निरोप आपल्याकडे आहे. ते दुसऱ्यांदा निरोप देत नाही, फक्त पोच दुसऱ्यांदा देते.

दुधाच्या जागी पैसे ठेवून पाहा, म्हणजे यातले गांभीर्य लक्षात येईल. २०१६ साली यूपीआय आले आणि आज भाजीवालीच्या गाडीवरही त्याचा चौकोन लटकतो आहे. तुम्ही पैसे पाठवता, चाक फिरत राहते, काहीच कळत नाही. हा सेनापतींचाच प्रसंग आहे. पैसे गेले की न गेले, हे त्या क्षणी तुमच्या फोनला खरोखर ठाऊक नसते. अशा वेळी उतावीळपणे पुन्हा बटण दाबले तर तो जुना निरोप पुन्हा जात नाही. नवा क्रमांक घेऊन नवा व्यवहार सुरू होतो आणि पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून आधी जुन्या व्यवहाराचे काय झाले ते पाहावे, हा सल्ला मी घरच्या सगळ्यांना देतो. ऐकतात फक्त सासूबाई.

पुन्हा पाठवायचे, पण किती वेळाने? यातही शहाणपण लागते. १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांच्या विद्यापीठातल्या मंडळींनी बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या जाळ्याचे नाव अलोहा. दोन यंत्रे एकदम बोलली की दोघांचे बोलणे वाया जाई. एस.टी.च्या दारात दोघे एकदम घुसले की दोघे अडकतात, तसेच. उपाय असा निघाला की, पोच आली नाही तर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबायचे आणि मग पुन्हा प्रयत्न करायचा. पुढे त्यात भर पडली ती दर अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करण्याची. हे केले नाही तर काय होते, ते मी पाहिले आहे. बंद पडलेला टॉवर सुरू झाला की, त्या भागातले शेकडो फोन एकाच सेकंदाला त्याच्यावर तुटून पडतात आणि बिचारा पुन्हा मान टाकतो.

आता थोडे रेंजविषयी. फोनच्या कोपऱ्यातल्या त्या काड्यांवर आपला जेवढा विश्वास असतो तेवढा ज्योतिषावरही नसतो. त्या काड्या सांगतात ते इतकेच की, टॉवरचा आवाज तुमच्या फोनला ऐकू येतो आहे. तुमच्या फोनचा आवाज टॉवरला ऐकू जातो का, हे त्यात नाही. टॉवर केवढा थोरला आणि तुमचा फोन केवढासा! शिवाय टॉवरपासून पुढे जाणारी तार कुठे जेसीबीने उखडलेली असेल, तर चार काड्या दिमाखात उभ्या असतात आणि निरोप जागचा हलत नाही. ‘फुल रेंज आहे, पण नेट नाही’ हे वाक्य खेड्यात रोज ऐकू येते आणि ते शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे.

आमच्या चाचण्यांसाठी मी दोन साधने वापरतो. एक, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. फोन आत ठेवून झाकण लावले की रेंज नेहमी पूर्ण जाते असे नाही, पण हेलकावे खाऊ लागते, आणि आम्हाला तेच हवे असते. दुसरे साधन म्हणजे कोकण रेल्वे. नव्वदहून अधिक बोगदे, त्यात उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडेचा तर साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यातून बाहेर पडल्यावर एखाद्या दरीत वीस सेकंद रेंज येते की पुढचा बोगदा. त्या वीस सेकंदांत फोनने टॉवर शोधायचा, ओळख पटवायची, मधल्या यंत्राशी जोडणी करायची, साठलेले निरोप पाठवायचे आणि पोच घ्यायची. लोक खिडकीतून धबधबे पाहत असतात, मी मांडीवरच्या सहा फोनांकडे पाहत असतो. एकदा समोरच्या आजीबाईंनी ‘दुकान आहे का हो मोबाइलचं?’ म्हणून विचारले आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या हातावर एक सोलापुरी शेंगाचटणीची पुडी ठेवली.

बोगद्यात एक विचित्र प्रकार घडतो. जोडणी तुटते, पण तुटल्याचे कोणालाच कळत नाही. फोनला वाटते, समोरचा गप्प आहे. मधल्या यंत्राला वाटते, फोनला काही बोलायचे नाही. टेलिफोनवर बोलताना समोरून बराच वेळ हुंकार आला नाही की आपण ‘हॅलो, ऐकतोयस ना?’ म्हणतो. फोन आणि यंत्रही तसेच मधूनमधून एकमेकांना हाक मारतात. फार वेळा मारली तर बॅटरी संपते, कारण प्रत्येक हाकेसाठी फोनचा रेडिओ जागा करावा लागतो आणि जागा झाला की तो काही सेकंद जागाच राहतो. फार कमी मारली तर तुटलेली जोडणी उशिरा कळते. हा मध्य साधणे म्हणजे आमटीतल्या मिठासारखे आहे, आणि मला विचाराल तर निम्मी सॉफ्टवेअरे खारट असतात.

या बाबतीत मला फार आवडणारी एक गोष्ट तेलाच्या नळांवरून आलेली आहे. १९९९ मध्ये आयबीएममधले अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि त्यांचे सहकारी आर्लेन निपर यांना निर्जन प्रदेशातून जाणाऱ्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायचे होते. उपग्रहाचे भाडे जबर आणि जोडणी कधी तुटेल याचा नेम नाही. त्यांनी एमक्यूटीटी नावाची बोलण्याची पद्धत तयार केली. तिच्यात निरोपाभोवतीचे वेष्टन कमीत कमी दोन बाइटांचे, म्हणजे जवळजवळ नाहीच. निरोप ‘गेला तर गेला’, ‘निदान एकदा तरी पोचवा’ आणि ‘अगदी एकदाच पोचवा’ अशा तीन प्रतींचे. आणि सगळ्यांत सुरेख म्हणजे मृत्युपत्र! जोडणी करतानाच फोनने मधल्या यंत्राकडे एक चिठ्ठी देऊन ठेवायची : मी निरोप न घेता नाहीसा झालो तर ही वाचून दाखवा. तेलाच्या नळांसाठी केलेली ही युक्ती २०११ साली फेसबुकने आपल्या मेसेंजरसाठी उचलली, कारण चालत्या गाडीतला फोन आणि वाळवंटातला पंप यांचे दुखणे एकच.

तसे पाहिले तर काटकसर ही या धंद्यातली जुनी विद्या आहे. आपल्याकडे शुभेच्छांच्या तारा होत्या, त्यांचे छापील मजकूर ठरलेले आणि त्यांना क्रमांक दिलेले. लग्नाला तार करायची तर मास्तर क्रमांक पाठवत आणि पलीकडे वधूवरांच्या हाती अख्खे वाक्य पडे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या आतल्या भाषेत हीच युक्ती होती. नेहमी लागणारे शब्द पूर्ण न पाठवता त्यांच्या जागी एकेका बाइटाचा संकेत जात असे.

एसएमएसची गोष्टही काटकसरीचीच. १९८५ मध्ये फ्रिडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर साधी वाक्ये लिहून अक्षरे मोजली आणि १६० पुरेत असे ठरवले. जागा होती १४० बाइटांची. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसवले की बरोबर १६० मावतात. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ याने इंग्लंडात पहिला संदेश पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. त्याला उत्तर आले नाही, कारण घेणाऱ्याच्या फोनवर लिहिण्याची सोयच नव्हती! या १४० बाइटांत देवनागरी मात्र ७० च मावते. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून ‘निरोप’ हा तीन अक्षरी दिसणारा शब्द पाच जागा खातो. एका मराठी संदेशात निम्म्याहून कमी मजकूर मावू लागला, बऱ्याच फोनांवर नुसते चौकोन उमटत, आणि आपण सगळे मराठी मंडळी रोमन लिपीत मराठी लिहायला शिकलो. आता ती अडचण कधीच उरली नाही, पण सवय राहिली.

एसएमएसचा मोठेपणा असा की तो थांबायला शिकलेला होता. फोन बंद असेल तर संदेश मध्यवर्ती केंद्रात बसून राही आणि फोन पुन्हा जाळ्यात आला की केंद्राला वर्दी जाऊन संदेश निघे. आजही तो असाच चालतो. याच जातीचा एक प्रयोग शेजारच्या कर्नाटकात, दोड्डबळ्ळापूर तालुक्यात, झाला होता. तिथे डाकनेट नावाच्या योजनेत बसवरच यंत्र बसवले होते. गावात बस आली की गावातल्या संगणकाकडचे जमिनीच्या नोंदींचे अर्ज बिनतारी पद्धतीने बसमध्ये चढत आणि तालुक्याला पोचल्यावर उतरत. आमच्या लहानपणी ड्रायव्हरकाकांकडे निरोप आणि फणस देत, त्यातला फणस तेवढा वगळला होता.

हे सारे यंत्रांचे झाले. माणसांच्या बाजूने ते कसे दिसते, हे मला २०२० मध्ये फार जवळून दिसले. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले. दापोली तालुक्यात माझ्या आत्याचे घर आहे. दुपारनंतर वीज गेली, टॉवर गेले. टाळेबंदीचे दिवस, मुंबईहून गाडी काढून निघावे म्हटले तर परवानगी हवी. आतेभावाने सकाळी पाठवलेल्या ‘आई, घरात जा, बाहेर थांबू नको’ या निरोपाला एक टिक होती. एक टिक म्हणजे निरोप आपल्या फोनातून निघून मधल्या यंत्रापर्यंत गेला. पुढच्या फोनपर्यंत नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. तो दर दहा मिनिटांनी फोन उघडून ती टिक पाही आणि मला फोन करी, ‘तू या धंद्यात आहेस ना? सांग, एक टिक म्हणजे नक्की काय?’ मी जे खरे ते सांगत होतो : एक टिक म्हणजे आत्याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही. चांगलेही नाही आणि वाईटही नाही.

पाचव्या दिवशी रात्री वाडीतल्या एका मुलाने सगळ्यांचे फोन गोळा केले, जीपच्या बॅटरीवर थोडे थोडे चार्ज केले आणि पिशवीत भरून वर सड्यावर नेले, कारण तिथे लांबच्या एका टॉवरची झुळूक लागते. आतेभावाच्या टिका दोन झाल्या आणि पाठोपाठ आत्याच्या फोनवरून एक ओळ आली, नातवाने टाइप केलेली : ‘बाकी सगळं ठीक आहे.’

बाकी! बाकी म्हणजे कशाच्या बाकी? आतेभावाचा आवाज मला अजून आठवतो. मी त्याला म्हटले, ‘अरे थांब, हिच्या आधीचं काहीतरी अजून वाटेत आहे.’ खरोखरच ते वाटेत होते. आत्याने आदल्या दिवशी आपल्या आवाजात निरोप भरून ठेवला होता. आवाजाचा निरोप वजनाने जड, अक्षरांची ओळ हलकी. त्या अशक्त जोडणीतून ओळ पुढे सटकली आणि आवाज मागे राहिला. पाऊण तासाने तो आला. कौले उडाली होती, पडवी कोसळली होती, दारातले रायवळ आंब्याचे झाड आडवे झाले होते, सगळे शाळेत राहायला गेले होते, कोणाला इजा नव्हती. शेवटी ‘तू जेवलास ना वेळेवर?’ अशी चौकशी होती.

आधीचे नंतर आणि नंतरचे आधी येऊ नये, हा प्रश्न संगणकवाल्यांना जुना आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला, जो आमच्या व्यवसायात पोथीसारखा वाचला जातो. त्यांचे म्हणणे असे की, घड्याळांवर विसंबू नका, दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नसतात. कशानंतर काय घडले याचा क्रम निरोपांबरोबरच न्या. त्या रात्रीनंतर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक बदल केला. मागचा निरोप वाटेत असेल तर पुढच्याच्या वर एक पुसटशी रिकामी पट्टी दिसते : ‘याआधीचा एक निरोप येतो आहे.’ काही गिऱ्हाइकांना ती नको असते, पडदा अस्वच्छ दिसतो म्हणतात. त्यांना मी ‘बाकी’ची गोष्ट सांगतो.

फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरना घेतले तेव्हा जगाने बोटे तोंडात घातली. पंचेचाळीस कोटी लोक ते वापरत होते आणि अभियंते होते अवघे ३२. एवढ्या थोड्यांनी हे कसे पेलले? त्यांनी आपला मधला डोलारा एर्लांग या भाषेत उभारला होता. ती १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मली आणि टेलिफोनच्या रांगांचे गणित मांडणाऱ्या एका डॅनिश गणितज्ञाचे नाव तिला मिळाले. तिचा स्वभाव असा की, कार्यक्रमाचा एखादा तुकडा बिघडला तर त्याला सावरत बसायचे नाही. पडू द्यायचा आणि वर लक्ष ठेवणाऱ्याने तो नव्याने उभा करायचा. बाकीचे तुकडे आपापले काम करत राहतात. शिवाय त्या मंडळींनी नोकियाच्या साध्या फोनांसाठी आणि मंद टूजी जाळ्यासाठीही जीव तोडून काम केले. त्या काळात याहून देखणी संदेशसॉफ्टवेअरे होती. ती चांगल्या रेंजमध्ये चांगली चालत. न पोचलेला निरोप व्हॉट्सअ‍ॅप ३० दिवस सांभाळून ठेवते. पाच दिवसांनी दुसरी टिक उमटते ती अशा सांभाळण्यामुळे.

मला राग येतो तो शहरात बसून लिहिलेल्या बेफिकीर सॉफ्टवेअरचा. वीस रकान्यांचा अर्ज भरावा, शेवटचे बटण दाबावे, रेंज जावी आणि सगळे पुसले जावे. ओटीपी यावा तो त्याची मुदत संपल्यावर. शेतकरी बांधावर, आशाताई पाड्यावर, रेशन दुकानदार टेकडीवर यंत्र उंच धरून उभा. या सगळ्यांचा अर्धा दिवस ज्यात जातो, ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर मात्र एकदाही बिघडलेले नसते, कारण तिथे वायफाय आहे. निरोप किंवा अर्ज आधी फोनच्या पोटात नीट जपायचा आणि मग सवडीने पाठवायचा, याला काही फार मोठी विद्या लागत नाही. फक्त कामाच्या सुरुवातीलाच ते मनात असावे लागते. मागाहून घालायला गेले तर घर पाडून पाया घालण्याइतका खर्च येतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीला मी मराठी पडद्यांचे काम दिले. निरोप फोनमध्येच अडकलेला असेल तेव्हा काय दाखवायचे, यावर बैठक बसली. एकाने ‘प्रलंबित’ सुचवले, ते तहसील कचेरीसारखे वाटले. ‘पाठवत आहे’ हे खोटे, कारण त्या क्षणी कोणी काही पाठवत नसते. ‘अयशस्वी’ वाचून माणूस घाबरून पुन्हा लिहायला बसतो. दूध गोळा करणाऱ्या गाड्यांवरचा एक ड्रायव्हर त्या दिवशी फोन दुरुस्तीला घेऊन आला होता. तिने त्यालाच विचारले, ‘दादा, घाटात रेंज नसताना मालकांना निरोप पाठवलात, तर फोनने तुम्हांला काय सांगावं?’ त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘ठेवलाय, रेंज आली की जाईल.’ तीच ओळ आम्ही घातली, एक शब्द न बदलता.